ताटातलं लिंबू आणि जबड्याखालचा गोळा

ताट वाढलेलं आहे. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, कैरीचं लोणचं. पहिला घास तोंडात जायच्या आतच समोरच्या माणसाच्या जबड्याखाली एका बाजूला सुपारीएवढा गोळा वर येतो. ठणकतो, ताणतो. तो कसाबसा जेवतो आणि तासा-दोन तासांत गोळा ओसरतो. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलं की पुन्हा तेच. असा माणूस आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो, मग घरच्या डॉक्टरकडे. मग कुणीतरी ‘गाठ दिसतेय’ म्हणतं आणि तो रात्रभर तळमळत राहतो. खरं तर निदान ताटातल्या लिंबानेच केलेलं असतं. लाळेच्या नळीत खडा अडकला आहे.

लाळग्रंथींच्या सुजेबद्दल लिहायचं तर या लिंबापासूनच सुरुवात करावी. निदानाला ते उपयोगी पडतं आणि उपचारालाही. आपल्याकडे कानाखाली किंवा जबड्याखाली सूज आली की चिठ्ठी जवळपास ठरलेली असते: पाच दिवस अँटिबायोटिक, सोबत दुखणं थांबवणारी गोळी, आणि ‘बघू मग’. पण सुजेची कारणं किती तरी आहेत. विषाणू, जिवाणू, खडा, अरुंद झालेली नळी, शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला, किरणोत्सर्गी औषध, क्षय, अर्बुद. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. यातल्या मोजक्याच दुखण्यांना अँटिबायोटिकची खरी गरज असते. बाकीच्यांत ते दिल्याने काही दिवस निघून जातात आणि सूज आपोआप उतरली तर श्रेय गोळीला मिळतं.

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. सर्वांत मोठी कानाच्या पुढे आणि खाली, ती कर्णमूल ग्रंथी. दवाखान्यात तिला पॅरोटिड म्हणतात. दुसरी जबड्याच्या हाडाखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी पसरलेल्या असतात. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. कर्णमूल ग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आत उघडते. जिभेचं टोक तिथे नेलं तर बारीकसा उंचवटा लागतो. ही नळी १६६० मध्ये अॅमस्टरडॅममध्ये मेंढीचं डोकं चिरताना नील्स स्टेनसन या बावीस वर्षांच्या डॅनिश विद्यार्थ्याला सापडली. ज्यांच्याकडे तो राहत होता त्या प्राध्यापकांनी शोध आपलाच असल्याचा दावा केला आणि दोघांत बरंच वाजलं. हाच स्टेनसन पुढे भूगर्भशास्त्राच्या जनकांपैकी एक ठरला आणि शेवटी बिशप झाला. जबड्याखालच्या ग्रंथीच्या नळीचं वर्णन त्याआधी चार वर्षं लंडनच्या थॉमस व्हार्टनने केलं होतं. दोन्ही नळ्या आजही त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात.

या नळ्यांमधून लाळ वाहत असते तोवर सहसा काही बिघडत नाही. तोंड हे जंतूंचं माहेरघर आहे आणि ते जंतू सतत नळीच्या दाराशी उभे असतात. त्यांना आत शिरू न देणारी गोष्ट म्हणजे बाहेर येणारा प्रवाह. लाळेत जंतुनाशक द्रव्यंही आहेत, पण मुख्य पहारेकरी हा प्रवाहच. तो मंदावला, आटला किंवा अडला की जंतू उलट्या वाटेने आत चढतात. विहिरीचा उपसा थांबला की पाणी कसं हिरवं पडतं, ते खेड्यात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

हे जुन्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, ज्वराच्या अध्यायात, सन्निपात ज्वराच्या अखेरीस कानाच्या मुळाशी अत्यंत दारुण सूज येते आणि तिच्यातून एखादाच वाचतो, अशी नोंद आहे. दीर्घ तापाने शोषलेला, धड न खाणारा, न पिणारा रुग्ण आणि त्याच्या कानाखाली आलेली सूज, हे चित्र आजच्या पाठ्यपुस्तकातल्या पू होणाऱ्या कर्णमूल-दाहाशी तंतोतंत जुळतं. याच दुखण्याचा जगाला ठाऊक असलेला रुग्ण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात त्यांना गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखमा चाचपल्या, जंतुसंसर्ग पसरला, पोटात अन्न ठरेना, आणि ऑगस्टमध्ये त्यांना गुदद्वारावाटे पोषण द्यायची वेळ आली. चघळणं बंद, पिणं जेमतेम, शरीर कोरडं. ऑगस्टच्या मध्याला त्यांची एका बाजूची कर्णमूल ग्रंथी सुजली, तिच्यात पू झाला, चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली. चिरा देऊन पू काढला. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. ग्रंथीने त्यांना मारलं असं म्हणता येणार नाही, पण शरीर कुठवर खचलं होतं हे तिने आधीच सांगितलं होतं.

पेनिसिलिनपूर्व काळात मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कर्णमूल सुजलं की शल्यविशारदांच्या छातीत धस्स होत असे. आज ते तितकं भयंकर राहिलेलं नाही, पण रुग्ण मात्र तेच आहेत: खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली ऐंशीची आजी, पलंगाला ‘तोंडाने काही देऊ नये’ अशी पाटी लावलेला अतिदक्षता विभागातला रुग्ण, साखर आटोक्याबाहेर गेलेला मधुमेही, विदर्भातल्या मे महिन्यात पाणी प्यायचं विसरणारे आजोबा. त्यात भर गोळ्यांची. सर्दीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, वारंवार लघवी होते म्हणून दिलेली गोळी, पाणी काढणाऱ्या गोळ्या, या सगळ्या तोंड कोरडं करतात. एकाच म्हाताऱ्या माणसाला यातल्या तीन-तीन चालू असतात आणि तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात.

निदानाला यंत्र लागत नाही. ग्रंथी मागून पुढे हळूच दाबायची आणि बॅटरीच्या उजेडात गालाच्या आतल्या त्या उंचवट्याकडे पाहायचं. पूचा थेंब आला तर प्रश्न मिटला. तोच थेंब तपासणीला पाठवायचा. बहुतेक वेळा त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सापडतो, सोबतीला तोंडातले ऑक्सिजनविना जगणारे जंतूही असतात. म्हणून औषध निवडताना दोघांचाही बंदोबस्त होईल असं निवडतात. रुग्ण घरी असेल तर बहुधा अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अॅसिड; पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिनसारखा दुसरा पर्याय; रुग्णालयातच संसर्ग झाला असेल तर शिरेतून, आणि नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा संशय असेल तर व्हँकोमायसिन. औषध साधारण दहा ते चौदा दिवस चालतं. इथे अँटिबायोटिक हवंच, आणि पूर्ण मुदतीचं हवं.

पण नुसत्या औषधावर भिस्त ठेवली तर उपचार अर्धाच होतो. शिरेतून किंवा तोंडाने भरपूर पाणी, दिवसातून चार-पाच वेळा गरम शेक, ग्रंथीला मागून पुढे, म्हणजे नळीच्या तोंडाच्या दिशेने, हलकी मालिश, दात-जिभेची स्वच्छता, कोरड पाडणाऱ्या गोळ्या शक्य तितक्या कमी करणं आणि तोंडाला पाणी सुटेल असं काहीतरी चघळणं. इंग्रजी पुस्तकांत यासाठी लिंबाच्या गोळ्या सांगितलेल्या असतात. आपल्याकडे लिंबू आहे, आवळकाठी आहे, चिंचेची गोळी आहे, कोकम आहे. मधुमेह्याने साखरेच्या गोळ्यांपेक्षा आवळा धरावा. हे सगळं आजीबाईच्या बटव्यातलं वाटतं म्हणून ते डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत जातं, किंवा जातच नाही. माझ्या मते ते पहिल्या ओळीत असायला हवं.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर आत पूची पोकळी झाली आहे का हे सोनोग्राफीने पाहायचं. झाली असेल तर ती रिकामी करावी लागते, सुईने ओढून किंवा चिरा देऊन. चेहरा हलवणारी नस कर्णमूल ग्रंथीतूनच पाच शाखांत फुटत जाते, त्यामुळे चिरा तिच्या दिशेला समांतर घ्यायचा असतो. म्हणून हे काम जाणत्या हातानेच व्हावं. नळीत औषध भरून एक्स-रे काढायची जुनी तपासणी तीव्र संसर्ग असताना करायची नसते. दाबाने जंतू आणखी आत जातात.

आता गालगुंडाकडे. गावोगावी कुठे गेरूचा, कुठे आंबेहळदीचा लेप लावून, गळ्याला फडकं बांधून बसलेली पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दुखणं ओळखायला डॉक्टर लागत नाही. आधी ताप, अंगदुखी. मग एका कानाखाली सूज, एक-दोन दिवसांत बहुधा दुसऱ्याही. कानाची पाळी वर आणि बाहेर ढकलली जाते, जबड्याचा कोन बुजतो. हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनात थासोस बेटावरच्या अशाच साथीचं वर्णन आहे. कारण विषाणू आहे हे १९३४ मध्ये जॉन्सन आणि गुडपाश्चर या अमेरिकी संशोधकांनी सिद्ध केलं. विषाणूवर थेट औषध नाही. पॅरासिटामॉल, पाणी, मऊ अन्न, विश्रांती, आणि सूज आल्यापासून पाच दिवस शाळेला सुट्टी. लहान मुलांना अॅस्पिरिन देऊ नये. अँटिबायोटिकचा इथे काडीचाही उपयोग नाही. गंमत म्हणजे लिंबाचाही नाही: गालगुंडाच्या मुलाला आंबट दिलं तर ग्रंथी आवळते आणि पोर कळवळतं. नियम प्रवाहाचा असला तरी तो कुठे लावायचा हे पाहावं लागतं.

‘गालगुंड खाली उतरतं’ ही भीती मात्र निराधार नाही. लस न घेतलेल्या वयात आलेल्या पुरुषांत सुमारे १५ ते ३० टक्के जणांच्या वृषणाला सूज येते. मूल न होण्याइतकं नुकसान विरळ असतं, कारण बहुधा एकच बाजू सुजते. मेंदूच्या आवरणाला, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. क्वचित एक कान कायमचा बहिरा होतो, आणि मूल लहान असेल तर ते कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

या दुखण्यावरचा खरा उपाय लस आहे आणि तिची कथा घरगुती आहे. १९६३ मध्ये लससंशोधक मॉरिस हिलमन यांची पाच वर्षांची मुलगी जेरिल लिन गालगुंडाने आजारी पडली. तिच्या घशातून घेतलेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत दुबळा केला आणि १९६७ मध्ये त्याच्यापासून बनवलेल्या लशीला अमेरिकेत परवाना मिळाला. त्या वाणाला आजही मुलीचंच नाव आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट गोवर-गालगुंड-रुबेलाची जी एकत्रित लस बनवते तिच्यात लेनिनग्राड-झाग्रेब हा वेगळा वाण असतो. म्हणजे लस आपल्या दारात तयार होते. तरीही भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून आलेली लस गोवर आणि रुबेला या दोघांचीच आहे, गालगुंड तिच्यात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं अशा तीन वेळा तिहेरी लस द्यायला सांगते, पण ती खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यावी लागते. २०२४ च्या सुरुवातीला केरळसह काही राज्यांत गालगुंडाने डोकं वर काढलं ते या पार्श्वभूमीवर. गालगुंड जिवावर उठत नाही म्हणून सरकारी यादीत मागे पडतं, हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण एका कानाने कायमचं ऐकू न येणारं मूल त्या हिशेबात कुठे मोजलं जातं, ते कळत नाही.

पालकांच्या तोंडून ‘याला चौथ्यांदा गालगुंड झालं’ असं ऐकलं की सावध व्हावं. गालगुंड दुसऱ्यांदा होणंही दुर्मीळ आहे. वारंवार सूज येणाऱ्या मुलाला बहुधा वेगळंच दुखणं असतं: बालपणातला वारंवार होणारा कर्णमूल-दाह. साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात तो सुरू होतो, मुलग्यांत थोडा जास्त दिसतो, सूज बहुतेक एकाच बाजूला येते आणि काही दिवसांत उतरते. सोनोग्राफीत ग्रंथीत काळसर ठिपके दिसतात. नळी जन्मतः थोडी रुंद किंवा वाकडी असणं, लाळ साचणं, मग संसर्ग, अशी कारणांची साखळी मानली जाते. बहुतेक मुलांत वयात येईपर्यंत हे आपसूक थांबतं. उपचार साधे आहेत: पाणी, शेक, मालिश, ताप-दुखण्याची गोळी. पू दिसत असेल किंवा मूल फार आजारी असेल तरच अँटिबायोटिक. फारच वारंवार होत असेल तर दुर्बिणीने नळी सलाइनने आणि स्टेरॉइडने धुतात, आणि त्यानंतर सुजेचे हेलपाटे कमी होतात असा अनुभव बऱ्याच केंद्रांनी नोंदवला आहे. मात्र हा आजार आपणहून ओसरत जाणारा असल्याने धुण्याचं श्रेय किती आणि वयाचं किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. दर वेळी अँटिबायोटिक देऊन पोराच्या पोटातले जंतू मात्र नक्की बिघडतात.

सुरुवातीच्या त्या ताटाकडे परत येऊ, कारण या सगळ्या विषयात उपचार सर्वांत जास्त बदलले ते खड्याचे. लाळेचे खडे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचे असतात आणि ८० ते ९० टक्के जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. कारण तिची लाळ घट्ट, अल्कधर्मी आणि कॅल्शियमने समृद्ध असते, आणि तिची पाच सेंटिमीटर लांब नळी खालून वर चढते. चढावर प्रवाह संथ होतो आणि गाळ बसतो. लिंबू पाहिलं की ग्रंथी लाळ सोडते, पुढे वाट बंद, म्हणून गोळा फुगतो. लाळ खड्याच्या कडेने हळूहळू झिरपली की उतरतो. एक बोट तोंडात जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं बाहेर जबड्याखाली ठेवून चाचपलं तर पुढचा खडा तांदळाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यासारखा हाताला लागतो. या ग्रंथीतले बरेच खडे साध्या एक्स-रेत दिसतात, कर्णमूल ग्रंथीतले अनेकदा दिसत नाहीत. सोनोग्राफी स्वस्त आणि बहुधा पुरेशी. शंका राहिली तर सीटी स्कॅन.

बारीक खडा नळीच्या तोंडाशी असेल तर पाणी, आंबट आणि मालिश एवढ्याने तो निसटूनही येतो. टूथब्रश करताना बेसिनमध्ये पिवळट खडा टिंग करून पडल्याचं सांगणारे रुग्ण डॉक्टरांना भेटतात. नळीच्या पुढच्या भागात अडकलेला खडा भूल देऊन, तोंडाच्या आतून नळीवर छोटा छेद घेऊन काढता येतो. अडचण मागच्या खड्याची, जो नळी ग्रंथीला मिळते त्या वळणावर बसतो. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय होता: मानेवर चिरा घ्या आणि खड्यासकट ग्रंथीच काढा. तर्क असा की वर्षानुवर्षं सुजलेली ग्रंथी आता कामाची उरलेली नाही.

हा तर्क चुकीचा निघाला. फ्रान्सिस मार्शाल आणि त्यांच्या जिनेव्हातल्या सहकाऱ्यांनी खड्यांपायी काढून टाकलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडला की त्यातल्या जवळपास निम्म्या अगदी किंवा बऱ्याचशा निरोगी होत्या. किती वेळा संसर्ग झाला आणि ग्रंथी किती बिघडली यांचा सरळ संबंध नव्हता. खडा काढल्यावर ग्रंथी पुन्हा कामाला लागते हेही नंतर दिसलं. ग्रंथी काढण्याची किंमतही काही कमी नव्हती: मानेवर व्रण, खालच्या ओठाचा कोपरा ओढणारी नस दुखावण्याचा धोका, जिभेच्या संवेदनेच्या नसेचा धोका.

ग्रंथी वाचवून मागचा खडा काढणं जमू लागलं ते दुर्बिणीमुळे. १९९० च्या आसपास जर्मनी आणि फ्रान्समध्ये लाळेच्या नळीत जाईल एवढी बारीक दुर्बीण वापरायला सुरुवात झाली. मग इस्रायलमध्ये ओदेद नाहलिएली आणि जिनेव्हात मार्शाल यांनी तिचं तंत्र आणि हत्यारं घडवली. दुर्बिणीची जाडी एक ते दीड मिलीमीटरच्या आसपास, आणि नळीचं तोंड त्याहूनही अरुंद, अर्ध्या मिलीमीटरचं. म्हणून आधी तारांनी ते हळूहळू मोठं करावं लागतं. पहिली परीक्षा तिथेच असते. आत गेल्यावर सलाइनचा प्रवाह चालू ठेवून खडा दिसला, सुटा असला आणि तीन-चार मिलीमीटरहून लहान असला तर तारेच्या इवल्याशा टोपलीत धरून बाहेर ओढायचा. मोठा असेल तर लेझरने फोडायचा. जर्मनीतल्या एर्लांगेन इथे हाइनरिश इरो यांच्या गटाने १९८९ मध्ये मूतखड्यासारखंच बाहेरून ध्वनिलहरींनी लाळेचा खडा फोडून दाखवला होता, पण हे यंत्र फार ठिकाणी पोहोचलं नाही. फार मोठ्या खड्यांसाठी दुर्बीण आणि छोटा छेद यांची सांगड घालतात. खडा नसून नळीच अरुंद झाली असेल तर तीच दुर्बीण फुग्याने ती रुंद करते.

आपल्याकडे ही सोय मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आहे, जिल्ह्याच्या गावी सहसा नाही. म्हणून अजूनही ग्रंथी काढण्याचा सल्ला मिळतो. दर वेळी तो चुकीचा असतो असं नाही. ग्रंथीत खोलवर रुतलेले अनेक खडे असतील तर तोच शहाणपणाचा. पण शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी ‘हा खडा तोंडातून किंवा दुर्बिणीने निघेल का?’ एवढा प्रश्न रुग्णाने विचारावा. रागावणारा डॉक्टर बदलावा.

खडा नाही, जंतू नाही, तरीही दोन्ही बाजूंच्या ग्रंथी महिनोन्‌महिने सुजलेल्या आणि तोंड कोरडं. अशा वेळी, विशेषतः चाळिशीपुढच्या बाईत, शोग्रेन आजाराचा विचार करावा लागतो. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ च्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. रुग्णांत दर दहापैकी सुमारे नऊ बायका. कोरडी भाकरी पाण्याशिवाय गिळत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपते, दात किडून पडतात, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ रक्ततपासणी आणि खालच्या ओठातल्या बारीक ग्रंथींचा तुकडा यांवरून निदान होतं. लाळ वाढवायला पिलोकार्पिन हे ब्राझीलमधल्या जाबोरांडी झुडपातून मिळालेलं औषध वापरतात. घाम आणि वारंवार लघवी हे त्याचे उपद्रव. इथे नियमित तपासणी महत्त्वाची आहे, कारण या रुग्णांत लिम्फोमा या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. एकच बाजू अचानक टणक आणि मोठी होत गेली तर ती शोग्रेनचीच म्हणून सोडून देऊ नये.

जबड्याखालची ग्रंथी दगडासारखी टणक होते, कर्करोगच वाटतो, आणि काढून पाहिल्यावर कर्करोग नसतो, असं १८९६ मध्ये जर्मन शल्यविशारद क्युटनर यांनी लिहिलं होतं. कोडं सुटायला शंभरावर वर्षं गेली. जपानी संशोधकांनी २००१ मध्ये आयजीजी-४ या प्रतिद्रव्याचा धागा स्वादुपिंडाच्या एका आजारात पकडला, आणि पुढे हेच प्रकरण लाळग्रंथींतही आहे हे उलगडलं. हा आजार स्टेरॉइडने लोण्यासारखा वितळतो. तुकडा तपासल्याशिवाय ग्रंथी काढली असती तर ती फुकट गेली असती.

काही सुजा उपचारांतूनच येतात. थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सर्गी आयोडीन देतात. लाळग्रंथी ते ओढून घेतात आणि सुजतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये असे रुग्ण राज्यभरातून येतात. आयोडीन घेतल्याबरोबर लिंबू चोखायला सांगायची जुनी रीत. २००५ मध्ये जपानमधल्या एका अभ्यासात पहिल्या तासातच लिंबाची गोळी दिलेल्यांच्या ग्रंथी चोवीस तासांनी दिलेल्यांपेक्षा जास्त बिघडलेल्या आढळल्या. चोखल्याने ग्रंथीकडे रक्त, आणि रक्तातून आयोडीन, जास्त जातं असा अंदाज. यावर एकमत अजून झालेलं नाही. म्हणून आयोडीन घेणाऱ्याने शेजारणीचं ऐकून लिंबू हाती धरू नये. वेळ तिथल्या डॉक्टरांनाच विचारावी.

तोंड-घशाच्या कर्करोगावर किरणोपचार झाले की लाळ आटते, हा तंबाखू-गुटख्याच्या आपल्या राज्यात फार मोठा प्रश्न आहे. आटलेली लाळ परत आणणं कठीण. ती वाचवणं शक्य. इंग्लंडमधल्या २०११ च्या एका चाचणीत, कर्णमूल ग्रंथी वाचवून किरणांची तीव्रता ठिकठिकाणी कमी-जास्त करणारी पद्धत वापरली तेव्हा वर्षभरानंतर त्रासदायक कोरड ३८ टक्के रुग्णांत होती, जुन्या पद्धतीत ७४ टक्क्यांत. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ६० रुग्णांवर केलेली अशीच तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि कौल त्याच बाजूने लागला.

थोडक्यात सांगण्यासारखं आणखी बरंच आहे. सनई-तुतारी वाजवणाऱ्याच्या गालात हवा उलटी नळीत शिरून ग्रंथी फुगू शकते. दारू, मधुमेह आणि कुपोषणात दोन्ही बाजू न दुखता भरून येतात. एचआयव्हीत कर्णमूल ग्रंथीत पाण्याच्या गाठी होतात, आणि मूळ औषधांनी त्या कमी होतात. पू होऊन फुटलेली आणि महिनाभर न भरणारी जखम असेल तर भारतात क्षयाचा विचार आधी करावा. सुईच्या तपासणीने आणि क्षयजंतूच्या चाचणीने उत्तर मिळतं. मेलिऑइडोसिस या आजाराच्या, मातीतून येणाऱ्या जंतूने थायलंडमधल्या मुलांत कर्णमूलात गळू होतं. तो जंतू कर्नाटकच्या किनाऱ्यावरही आहे, नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देत नाही, आणि पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या मधुमेह्यात कोकण-गोव्यातल्या डॉक्टरांनीही तो ध्यानात ठेवलेला बरा. आणि न दुखणारी, महिनोन्‌महिने वाढणारी एका बाजूची गाठ ही सूज नसतेच. कर्णमूलातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, पण ते सुईच्या तपासणीने ठरतं. त्यावर अँटिबायोटिकचे तीन-तीन कोर्स देणं म्हणजे रुग्णाचे महिने खाणं. गाठीसोबत चेहरा वाकडा होत असेल तर एक आठवडाही दवडू नये.

वाचणाऱ्याच्या घरी कुणाला अशी सूज असेल, तर एवढं पाहावं: जेवताना वाढते की नेहमीच असते, दुखते की नाही, एका बाजूला की दोन्हीकडे, तोंड कोरडं आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावं आणि ग्रंथी दाबून तोंडाच्या आत पाहायला त्यांना सांगावं. पण जबड्याखालची सूज दोन्ही बाजूंना पसरून टणक झाली, जीभ वर उचलली गेली, तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, आवाज बदलला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर शेक-लिंबू विसरावं. संसर्ग जिभेखालच्या जागेत उतरलेला असतो आणि श्वासाची वाट काही तासांत बंद होऊ शकते. अशा रुग्णाला त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावं, सकाळची वाट पाहू नये.